गेलेल्यांची खाती

पाकीट बदललेलं होतं. सर्व्हर रूमचं दार उघडून मी आत पाऊल टाकलं, थंड हवा मानेवर येऊन बसली, आणि सवयीप्रमाणे मी आधी वर बघितलं, मशीनच्या तिसऱ्या कपाटाच्या माथ्यावर. खाऊचं पाकीट होतं, हिरवंच होतं, जिथं असायला हवं तिथंच चिकटवलेलं होतं. पण ते माझं नव्हतं. माझ्या पाकिटावर मी गेल्या वर्षी जाड काळ्या पेनानं 'बाळा, शहाण्यासारखा वाग' असं लिहिलं होतं, आणि वर्षभर खोलीतल्या वाऱ्यानं ते जरा बसलं होतं, कडा मऊ पडल्या होत्या. हे नवंकोरं, हवेनं टम्म फुगलेलं, आणि ह्याच्यावर कुणी एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीला घाबरावं असं माझं वय राहिलेलं नाही, पण घाबरले. ही खोली तीनच माणसांच्या कार्डानं उघडते: विद्यापीठाच्या संगणक केंद्राचे नवे संचालक फान सर, शू-फेन आणि मी. निदान सगळे तसं समजतात. आणि मी आणलेलं नवं पाकीट तर माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं, जुन्याची मुदत संपायला अजून अवकाश होता म्हणून.

"ताई, दार लावा की. गार हवा सगळी बाहेर चाललीय," मागून शू-फेन म्हणाली. ती वसतिगृहांचं नेटवर्क बघते, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे, आणि तिच्या हातात सकाळपासून चहाचा गार पेला असतो, म्हणून ती ह्या खोलीच्या उंबऱ्यावरच उभी राहते.

"पाकीट तू बदललंस?"

"मी? सातव्या महिन्यात मी त्याला हात लावीन होय?" तिनं मान उंचावून बघितलं. "नवं दिसतंय की. फान सरांनी बदललं असेल." मग स्वतःच हसली. "नाही पण, हिरवं आहे. म्हणजे फान सर नव्हेत. भल्या भावांपैकी कुणी असेल, ताई. त्यांचं दार उघडंच आहे ह्या महिन्यात. आले, बघितलं, म्हणाले, ह्या बायकांचं लक्ष नाही, आपणच खाऊ बदलू."

भुतांचं नाव घ्यायचं नाही म्हणून आम्ही त्यांना भले भाऊ म्हणतो, आणि सातव्या महिन्यात त्यांच्या जगाचं दार उघडं असतं. मीही हसले. हसायला हवं होतं. फान सर परदेशातून शिकून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ह्या पाकिटाकडे बोट दाखवून म्हणाले होते, "एवढी महागडी मशीनं, आणि वर मुलांचा खाऊ?" खोबऱ्याच्या चवीची ती मक्याची कुरकुरी, तिच्या नावाचाच अर्थ गुणी बाळ. ती मशीनवर ठेवली की मशीन गुणी बाळासारखं वागतं. पाकीट हिरवंच हवं, कारण मशीनचा दिवाही हिरवा असलेला बरा. मुदत उलटू द्यायची नाही. आणि ते कुणी खायचं नाही. बँकेतही असंच असतं, इस्पितळातही. फान सर मनानं वाईट नाहीत. आपण हसलो हे लोकांना लागलं असं त्यांना वाटलं आणि ते स्वतः दुकानात जाऊन पाकीट घेऊन आले, पण पिवळं. हिरवी संपली होती म्हणे. कुणाला तोंड उघडायचा धीर झाला नाही. दुपारी ग्रंथालयाचं नेटवर्क झोपलं ते संध्याकाळीच उठलं. तेव्हापासून फान सर वर बघतच नाहीत. मला विचाराल तर माझा विश्वास आहे की नाही हे मी सांगणार नाही. मी एवढंच बघितलंय की ह्याच्यावर विश्वास नाही असं म्हणणारेसुद्धा पाकीट काढून टाकत नाहीत.

शू-फेन गेली आणि मी स्टुलावर चढले. पाकिटाला निळी चिकटपट्टी लावली होती. तिचं एक टोक दुमडलेलं होतं, नखाएवढं, पुढच्या माणसाला सोडवताना त्रास होऊ नये म्हणून. मी ते टोक बघितलं आणि मला कळलं. पण कळलं असं मी स्वतःला कळू दिलं नाही. आपण सगळेच चिकटपट्टी दुमडतो, मी मनाशी म्हटलं. आम्ही सगळे एकाच माणसाच्या हाताखाली शिकलोय. मग दुसरा विचार आला आणि तो जास्त वाईट होता. मीच बदललं असेल तर? आणि विसरले असेन तर? परवा मी स्कूटर ग्रंथालयामागे लावली आणि दारासमोर शोधत राहिले, तैनान शहरातल्या त्या उन्हात, घाम डोळ्यांत जाईपर्यंत. गेल्या महिन्यात वीस वर्षं बोटांना पाठ असलेला पासवर्ड बोटांना आठवेना. बावन्न म्हणजे काही फार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. खणातलं पाकीट जागेवर आहे हे मी त्या सकाळी दोनदा जाऊन बघितलं. दोन्ही वेळा होतं. दोन्ही वेळा मला बरं वाटलं नाही.

दाराच्या नोंदी बघायला मला फार वेळ लागला नसता. मी टाळलं. आधी कॉफी केली, मग उद्याच्या तयारीचे निरोप वाचले. उद्या सकाळी नऊला विषय निवडायचा दिवस, वीस हजार पोरं एकाच क्षणी एकाच मशीनच्या दारात. वर्षातून दोनदा येणाऱ्या ह्या सकाळसाठी आम्ही उरलेलं वर्ष जगतो. खाली इमारतीच्या दारासमोर शिपाई टेबलं मांडत होते, महिन्याच्या नैवेद्याची: बिस्किटं, शेवयांचे डबे, थंड पेयं, आणि टेबलाखाली पाण्याचं तसराळं आणि नवा टॉवेल, लांबून आलेल्यांनी तोंड धुवावं म्हणून. खिडकीतून मी तो टॉवेल बघत राहिले. लहानपणी आजी सांगायची, ह्या महिन्यात बाहेर असताना कुणाला पूर्ण नावानं हाक मारायची नाही. नाव ऐकलं की ते मागे लागतात. मी तेव्हाही भित्री होते. मला भुतांची भीती वाटायची नाही, मला वाटायचं की माझं नाव कुणी चुकून मोठ्यानं घेईल आणि मग दोष कुणाचाच नसेल.

शेवटी नोंदी उघडल्या. ह्या महिन्यात तीनदा, तिन्ही वेळा दुपारी, आमच्या वामकुक्षीच्या वेळी, दिवे मालवून सगळं केंद्र टेबलावर डोकी टेकून झोपलेलं असतं तेव्हा, सर्व्हर रूमचं दार वेइ छिंग-त्सुन ह्या नावाच्या कार्डानं उघडलं होतं. वेइ सर. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेले आमचे वेइ सर. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. कारण ते कार्ड मेलेलं असायला हवं होतं. आणि ते मारायचं काम माझं होतं.

मी ह्या केंद्रात आले तेव्हा मला केबलची टोकंसुद्धा ओळखता येत नव्हती. वेइ सरांनी पहिल्या दिवशी मला ह्या खोलीत आणलं, दिवे मालवले आणि म्हणाले, "ऐक." पंख्यांचा एकसुरी घुमणारा आवाज. मला वाटलं चेष्टा करतायत. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "हा आवाज पाठ कर. मशीन बिघडायच्या आधी ह्यात काहीतरी बदलतं. लहान मुलासारखंच. आधी रडण्याचा सूर बदलतो, मग ताप येतो." माणूस तापट, बोलायला तोडून टाकणारा, पण चूक कबूल केली की विषय संपला. त्यांचे नियम होते आणि ते नियम आम्ही देवाच्या नावासारखे घ्यायचो. कुठलंही मोठं काम एकट्यानं करायचं नाही. एकानं पडद्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकून 'बरोबर' म्हणायचं, मगच बटण. काम झालं की ते झालंय का हे स्वतः हातानं तपासायचं. आणि माणूस सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद, निरोपाचा केक कापायच्या आधी. "माणूस वाईट नसतो," ते म्हणायचे, "उघडं राहिलेलं दार वाईट असतं. कोण कधी आत शिरेल सांगता येत नाही." गेलेल्या माणसाच्या उघड्या खात्याला आमच्या धंद्यात भुताचं खातं म्हणतात. तेही त्यांनीच सांगितलं होतं, आणि तेही सातव्याच महिन्यात, शू-फेनला घाबरवायला.

मग त्यांच्या निरोपाचा दिवस आला. खाली फुलं, भाषणं, कुलगुरूंचा फोटो, आणि मी वर पडद्यासमोर बसलेली, समोर त्यांचं नाव. बटण दाबायचं होतं. मी त्यांचं खातं त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच खुर्चीला लागून बसून मारणार होते, आणि ते खाली केक कापत होते. माझा हात झाला नाही. मी मनाशी म्हटलं, चार दिवस मेल बघावीशी वाटेल त्यांना, राहू दे. मग नवं वर्ष आलं, तेव्हा म्हटलं सणासुदीला नको. मग मी त्याकडे बघणंच सोडलं. आणि ह्या उन्हाळ्यात शिक्षण खात्याची तपासणी ठरली, मीटिंगमध्ये फान सरांनी विचारलं, "गेलेल्या सगळ्यांची खाती बंद आहेत ना?" तेव्हा मी मान डोलावली. खोटं बोलले असं मला त्या क्षणी वाटलंही नाही. वेइ सर गेलेले आहेत असं मला कधी वाटलंच नव्हतं.

कार्ड हरवलं असेल, चोराला मिळालं असेल. हे सगळ्यात वाईट. की सगळ्यात बरं? चोर पाकीट कशाला बदलेल? मी त्यांच्या खात्याच्या नोंदी उघडल्या. दोनदा चुकीचं टाइप केलं. त्या तिन्ही दुपारी त्या खात्यावरून कुणीतरी खोलीतल्याच पडद्यावर लॉगिन करून एकेका मशीनमध्ये डोकावलं होतं. काही चोरलं नव्हतं, काही बदललं नव्हतं. एका मशीनमध्ये शिरायचं, तब्येत विचारल्यासारखी जागा किती उरली, गरमी किती, बघायचं आणि बाहेर पडायचं, डॉक्टर वॉर्डात फेरी मारतो तसं. तो क्रम मला ओळखीचा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी शेवटची ओळ दिसली. तिथं एक हुकूम लावून ठेवला होता: उद्या सकाळी नऊ वाजता अमुक नंबरचं मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं.

तो नंबर जुन्या मेलच्या मशीनचा. सत्र सुरू होण्याआधी ते मशीन एकदा झोपवून उठवायची वेइ सरांची पद्धत होती, नाहीतर ते पोरांच्या गर्दीत गुदमरायचं. ते मशीन कधीच भंगारात गेलं. पण नंबर फुकट कशाला घालवा म्हणून मी स्वतः तो दुसऱ्या मशीनला दिला होता, विषय निवडायच्या मशीनला. उद्या नऊला, वीस हजार पोरांच्या तोंडावर, ते दार धाडकन मिटलं असतं. मी तो हुकूम काढून टाकला. मग खरंच गेला का ते बघितलं. मग पुन्हा बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. बाहेरून कोण येईल म्हणून आम्ही एवढे भिंती-कुलपं-पहारे उभे करतो, आणि दार माझ्याच हातानं उघडं.

मी सरांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच आनंदी.

"युए-श्या का? अगं, बरं झालं फोन केलास. तुम्हा लोकांचे आभारच मानायचे होते."

"आभार कसले, काकू?"

"ह्यांना परत बोलावलंत ना कामावर. मध्ये नुसते बसून असायचे गं, भिंतीकडे तोंड करून. मला म्हणायचे, तू कोण, माझ्या स्वयंपाकघरात काय करतेस. आता कसे सकाळी उठून दाढी करतात, सदरा घालतात. जेवून निघतात. आजही म्हणाले, उद्या पोरांचा दिवस आहे, उशीर होईल." मग हळूच विचारलं, "नीट करतात ना काम? चुकत नाहीत ना काही?"

मी म्हटलं, नाही काकू, चुकत नाहीत. फोन ठेवला तरी हात फोनवरच राहिला. मला चोराची भीती वाटत होती ती गेली, आणि तिच्या जागी जे आलं ते जास्त थंड होतं. फान सरांना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर पहारेकरी आले असते, खालच्या शिपायांसमोर, नैवेद्याच्या टेबलांसमोरून त्यांना हाताला धरून नेलं असतं, आणि मग चौकशी, आणि मग माझं नाव. आधी कुणासाठी भीती वाटली मला, त्यांच्यासाठी की माझ्यासाठी? मला हे अजूनही नीट सांगता येत नाही. दोन्ही एकदमच आल्या.

दुपारी दिवे मालवले. फान सर हल्ली आमच्यात झोपायला शिकलेत, त्यांची उशी मानेभोवती गुंडाळायची आहे. शू-फेननं डोळ्यांवर पट्टी ओढली. "ताई, झोपा. उद्या मरायचंय सगळ्यांना," ती पुटपुटली. मी डोकं टेबलावर टेकलं आणि डोळे उघडे ठेवले. मोठ्या माणसांच्या खोलीत भर दुपारी पसरलेला तो अंधार मला आधी कधी विचित्र वाटला नव्हता. टेबलाटेबलावर डोकी, कुणाचा तरी बारीक घोरण्याचा आवाज, आणि कॉरिडॉरमध्ये बुटांचा आवाज, संथ, आपल्याला कुठे जायचंय हे पक्कं माहीत असलेला. दाराच्या काचेतून एक उंच, किंचित वाकलेली आकृती पुढे गेली. कोणीही मान वर केली नाही. मग कार्ड लावल्याचा तो बारीक सूर आणि दार मिटल्याचा आवाज. मला उठायला बराच वेळ लागला.

ते खोलीतल्या पडद्यासमोर उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात पेन, केस पार पांढरे झालेले पण विंचरलेले. काखेत माझं जुनं पाकीट होतं. माझी चाहूल लागताच ते वळले आणि माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत मी नव्हतेच.

"दार लावा आधी," ते म्हणाले. "तुम्ही कोण? इथं बाहेरच्यांना परवानगी नाही."

"मी इथलीच आहे, सर."

"कार्ड बघू."

मी गळ्यातलं कार्ड पुढे केलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, फोटो बघितला, माझं तोंड बघितलं, पुन्हा फोटो. त्यांच्यासमोर मी इतकी कधीच घाबरले नव्हते, पहिल्या दिवशीसुद्धा नाही. जणू त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी खरंच कुणी नसते.

"नवीन का?"

"हो."

"हे कुणी लिहिलंय?" त्यांनी काखेतलं पाकीट पुढे केलं. "मशीनला वाचता येतं का? नुसतं ठेवायचं, दोन्ही हातांनी, मान वाकवून. आणि मुदत बघत जा. आठवडा उरला की बदलायचं, शेवटच्या दिवसाची वाट बघत बसायचं नाही. कोण शिकवतं तुम्हाला?"

पंख्यांचा आवाज घुमत होता आणि त्यात काही बदललेलं नव्हतं. मी त्यांना गोड बोलून बाहेर काढू शकले असते. चला सर, चहा घेऊ, म्हटलं असतं तर कदाचित आले असते, आणि त्यांच्या मागे मी गुपचूप कार्ड मारलं असतं, आणि उद्या दुपारी ते दाढी करून, सदरा घालून ह्या दारात आले असते आणि दार उघडलं नसतं आणि का ते त्यांना कधीच कळलं नसतं. तो विचार मला सोसवेना. मी म्हटलं, "सर, एक अडचण आहे. एक माणूस निवृत्त झालाय, पण त्याचं खातं अजून उघडं आहे. काय करू?"

"कधी निवृत्त झाला?"

"चार वर्षं झाली."

"चार वर्षं?" त्यांचा आवाज चढला. तोच जुना आवाज. "भुताचं खातं, चार वर्षं? जबाबदारी कुणाची होती?"

"माझी."

"मग?"

"हात झाला नाही, सर."

"हात झाला नाही म्हणे. उद्या वीस हजार पोरं येणार आहेत ह्या दारात. काही झालं तर त्यांना काय सांगणार, माझा हात झाला नाही म्हणून?" ते खुर्चीवर बसले नाहीत, खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. उघड. मी इथं उभा आहे. वाच मोठ्यानं."

मी माझ्या नावानं लॉगिन केलं. खातं काढलं. पडद्यावर ते नाव आलं. सातवा महिना चालू होता आणि मला एका माणसाचं पूर्ण नाव त्याच्या तोंडावर मोठ्यानं घ्यायचं होतं. आजीची आठवण आली. "वाच," ते मागून म्हणाले. मी पडद्यावर बोट ठेवलं.

"वेइ छिंग-त्सुन. सगळे अधिकार. दाराचं कार्डही ह्याच खात्यावर."

'बरोबर' आलं नाही. मी मागे वळून बघायला घाबरत होते. माझ्या खांद्यावरून त्यांचं बोट पुढे आलं, सुरकुतलेलं, नखं नीट कापलेली, आणि माझ्या बोटाच्या शेजारी, नावाच्या पहिल्या अक्षराखाली टेकलं. ते बोट हळूहळू तिन्ही चिनी अक्षरांखालून गेलं, एखादा मुलगा वाचायला शिकताना नेतो तसं, आणि शेवटच्या अक्षराखाली थांबलं. त्यांचा श्वास मला कानाशी ऐकू येत होता. मला वाटलं आता ते ओरडतील, किंवा रडतील, किंवा विचारतील की हा कोण. मी देवाला एवढंच म्हणत होते की ओरडले, रडले तरी चालेल, फक्त त्यांनी मला ते विचारू नये.

"बरोबर," ते म्हणाले. "बंद कर."

मी बटण दाबलं. मशीननं ते लगेच करून टाकलं, चार वर्षं मी ज्याला घाबरत होते ते. पंख्यांच्या आवाजात कुठेच फरक पडला नाही.

"झालं?"

"झालं, सर."

"झालं असं म्हणायचं नाही. तपासायचं." त्यांनी जुनं पाकीट माझ्या हातात दिलं, सदरा सारखा केला आणि आतून दार ढकलून बाहेर गेले. दार त्यांच्यामागे मिटलं. दाराला वीतभर काच आहे. तिच्यातून मी बघत होते. ते वळले, खिशातून कार्ड काढलं आणि यंत्राला लावलं. लाल दिवा. त्यांनी कार्ड पुसलं, पुन्हा लावलं. लाल. तिसऱ्यांदा त्यांनी कार्ड बराच वेळ तसंच धरून ठेवलं, त्या लाल उजेडात त्यांचा चेहरा खाली झुकलेला, आणि मी आतून दाराला हात टेकून उभी होते, ढकलायचं की नाही हे न कळून, कारण त्या चेहऱ्यावरून ते तपासतायत की आत यायला बघतायत हे मला सांगता येत नव्हतं. मग त्यांनी मान हलवली. मी पहिली केबल नीट लावली तेव्हा हलवली होती तशी, एकदाच, कंजुषीनं.

मी दार उघडलं. त्यांनी कार्ड माझ्या हातात ठेवलं. त्याच्यावरचा फोटो माझ्या आताच्या वयापेक्षाही तरुण होता.

"बंद झालंय," ते म्हणाले. "आता झोप लागेल."

कॉरिडॉरमध्ये अंधार होता, लोक अजून झोपलेले. त्यांनी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, आणि तिथंच उभे राहिले. मग त्यांनी माझी बाही धरली, अगदी दोन बोटांनी, ओळख नसलेल्या माणसाची धरावी तशी.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "मला बाहेरचा रस्ता दाखवता का? मला आत यायचा तेवढा पाठ आहे."